उभयचर शोक करतात काय?

घरी पाळावयाच्या प्राण्यांची यादी जेथे पूर्वी कुत्रा, मांजर, पोपट आणि फार तर काचेच्या हंडीतील लाल मासे एवढ्यावर आटोपत असे, त्या पुणे शहरातील काही घरांत आता मेक्सिकोचा ॲक्सोलॉटल, आफ्रिकेतील नखांचा बेडूक आणि दक्षिण अमेरिकेतील शिंगांचा बेडूक हे उभयचर प्राणीही येऊन राहिले आहेत. आणि त्यांच्या पाठोपाठ एक असा प्रश्न आला आहे की, ज्याचे उत्तर देताना जाणती माणसेही अडखळतात. एका टाकीत दोन प्राणी दीर्घकाळ एकत्र राहिले, त्यांतील एक एके दिवशी मेला, आणि उरलेला कोपऱ्यात जाऊन निश्चल बसला, गांडुळाचा तुकडा नाकापुढे धरला तरी तोंड उघडीना, तर तो आपल्या सोबत्याचा शोक करीत आहे असे समजावे काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या प्राण्याला आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी मेणाच्या ताटात टाचण्यांनी जखडून चिरले, आणि ज्याचे हे विच्छेदन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून टप्प्याटप्प्याने कमी करीत आणून शेवटी २०१४ मध्ये बंद करावयास लावले, त्याच प्राण्याला दुःख होत असेल काय, असे आज एखाद्या घरात कळकळीने विचारले जाते, ही आपल्या समाजाच्या अंतःकरणात झालेली लहानशी का होईना, पण खरी वाढ आहे असे मी मानतो. परंतु कळकळीने विचारलेल्या प्रश्नाला तितक्याच कसोशीने शोधलेले उत्तर मिळावयास हवे. कारण येथे चुकीच्या उत्तराची किंमत प्रश्न विचारणाऱ्याला नव्हे, तर टाकीत उरलेल्या त्या मुक्या जिवाला मोजावी लागते.

शोक म्हणजे नुसते सुस्तावणे नव्हे. शोक होण्यासाठी प्रथम समोरचा प्राणी 'हाच तो' असा व्यक्तिशः ओळखता आला पाहिजे. मग त्याच्याशी असे काही नाते जडलेले असले पाहिजे की, त्याच्या सहवासाला अन्य कोणाचा सहवास पर्याय ठरू नये. आणि अखेरीस, जे होते ते आता नाही, ही उणीव त्या मनाला जाणवली पाहिजे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका ओर्का मादीने आपले मेलेले पिल्लू सतरा दिवस पाण्यातून वाहून नेले, तेव्हा या तिन्ही गोष्टी तेथे असाव्यात असे मानावयास आधार होता. उभयचरांच्या बाबतीत या पायऱ्या एकेक करून चढून पाहिल्या पाहिजेत.

ओळखीच्या बाबतीत उभयचर आपण समजतो तितके मठ्ठ मुळीच नाहीत, आणि याचा एक उत्तम पुरावा पुण्यापासून फार दूर नसलेल्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सापडला. तेथील सैदापूर आणि गिरीश या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आपल्या अंगणात पावसाळ्यात हमखास दिसणाऱ्या साध्या खरबरीत भेकाची भैकेरे, म्हणजे शेपटीची पिल्ले, तीन प्रकारांनी वाढविली: काही केवळ भावंडांत, काही जाळीच्या पडद्याआड परक्यांच्या शेजारी, आणि काही अगदी एकटी. मग त्यांना उकडलेला पालक खाऊ घालून एका लांबट टाकीत मधोमध सोडले, आणि टाकीच्या एका टोकाच्या कप्प्यात भावंडे व दुसऱ्या टोकाच्या कप्प्यात परकी पिल्ले ठेवली. दोन्ही कप्पे रिकामे असत तेव्हा पिल्ले कोठेही हिंडत. पण कप्पे भरताच त्यांतील बहुसंख्य आपला बराचसा वेळ भावंडांच्या बाजूला घालवीत. विशेष हे की, जी भावंडे त्यांनी जन्मात पाहिली नव्हती त्यांच्याकडेही ती तशीच ओढली जात, आणि एकटी वाढविलेली पिल्लेही यात मागे नव्हती.

या प्रयोगाचा आपल्या प्रश्नाशी असलेला संबंध वरवर दिसतो त्याहून उलटा आहे. भैकेराला भावंडांची ओढ आहे, हे ऐकून कोणीही म्हणेल की मग भावंड मेल्यावर त्याला दुःख होणारच. परंतु न पाहिलेले भावंडही जर पाहिलेल्या भावंडाइतकेच चालत असेल, तर ती ओढ 'अमुक एका'ची नसून 'आपल्यांपैकी कोणा'ची आहे, आणि तेथे एकाची जागा दुसरा बिनतक्रार घेऊ शकतो. ती रक्ताची ओळख आहे, आणि शोकाला लागते ती व्यक्तीची.

व्यक्तीची ओळखही उभयचरांत आढळते, पण ती सोबतीसाठी नव्हे, तर हद्दीसाठी असते. उत्तर अमेरिकेतील लाल पाठीचा सॅलॅमँडर शेजाऱ्याचा वास आणि उपऱ्याचा वास यांत भेद करतो, हे रॉबर्ट जेगर यांनी १९८१ मध्ये दाखविले. शेजारी आपल्या सीमेत राहणार हे ठाऊक असल्याने त्याच्याशी तो कमी भांडतो आणि उपऱ्यावर तुटून पडतो. अमेरिकेतील बुलफ्रॉग नर शेजारी नराचा आवाज ओळखून त्याला असेच सोडून देतो. येथे ओळख निश्चित आहे, परंतु ती जमाबंदीच्या दफ्तरातील नोंदीसारखी आहे. तिच्यात जिव्हाळा असल्याचा पुरावा नाही.

मग जिव्हाळ्याच्या जवळपास जाणारे काही उभयचरांत आहेच की नाही? आहे, आणि ते पेरूच्या जंगलात आहे. रॅनिटोमेया इमिटेटर नावाचा, अंगठ्याच्या नखाहून फारसा मोठा नसलेला एक विषारी बेडूक खऱ्या अर्थाने एकपत्नी असल्याचे २०१० मध्ये ब्राऊन, मोरालेस आणि समर्स यांनी आनुवंशिक तपासणीने सिद्ध केले, आणि उभयचरांत असे उदाहरण तोवर सिद्ध झालेले नव्हते. झाडांच्या पानांच्या बेचक्यांत साठलेल्या घोटभर पाण्यात या जोडप्याची पिल्ले वाढतात. पाण्यात खाण्याजोगे काही नसते, म्हणून नर पिल्लांची खबर ठेवतो, ती उपाशी असल्यास मादीला साद घालून तेथवर नेतो, आणि मादी केवळ त्यांच्या अन्नासाठी निष्फळ अंडी घालते. संशोधकांनी पुढे काही जोड्यांतून नराला मुद्दाम काढून घेऊन पाहिले, तेव्हा पिल्लांची वाढ खुंटली आणि ती अधिक संख्येने मेली. तथापि या प्रयोगात मोजले गेले ते पिल्लांचे नुकसान. एकट्या राहिलेल्या मादीच्या अंतरंगात काय घडले हे त्यात मोजलेले नाही. उभयचरांत वियोगाचे दुःख शोधावयाचेच झाले तर ते येथे, संगोपनाचा भार दोघांनी मिळून वाहणाऱ्या अशा जोडप्यांत शोधावे. तीन फुटी टाकीत माणसाने आपल्या मर्जीने एकत्र ठेवलेल्या दोन ॲक्सोलॉटलांत नव्हे.

आपल्या सह्याद्रीतील बेडकांचे संसार यापेक्षा पुष्कळ तुटक असतात. हुमायून अब्दुलअली यांच्या नावाचा जो रातबेडूक महाबळेश्वरच्या परिसरातून १९५५ मध्ये शास्त्रीय नोंदीत आला, त्याचा नर ओढ्यावर लवणाऱ्या पानावर बसून मादीला बोलावतो. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार मादी अंडी घालण्यापूर्वीच तो तिच्या पाठीवरून उतरलेला असतो. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात नरहरी ग्रामपुरोहित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बेडकाचे आवाज आणि त्याच्या शरीरातील संप्रेरके यांचा परस्परसंबंध तपासला आहे, आणि त्यांतील एक संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. प्राण्यावर ताण आला की हे संप्रेरक वाढते. आणि सोबती मेलेल्या बेडकाच्या शरीरात ते वाढलेले सापडले, तर शोकाचा पुरावा सापडला असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु हेच संप्रेरक उष्णतेने वाढते, पकडल्याने वाढते, कोंडल्याने वाढते. ते ताणाची साक्ष देते, ताणाच्या कारणाविषयी काहीच सांगत नाही.

उणिवेच्या जाणिवेपाशी पुरावा आणखी क्षीण होतो. अर्जेंटिनातील रुबेन मुझिओ आणि त्यांच्यासह मॉरिसिओ पापिनी यांनी तहानलेल्या भेकांना पाण्याचे बक्षीस देऊन एका बोळातून धावावयास शिकविले. मोठ्या बक्षिसाची सवय लागलेल्या उंदराला अचानक लहान बक्षीस दिले तर तो नुसता मंदावत नाही. ज्याला पहिल्यापासून लहानच बक्षीस मिळत आले त्याच्याहूनही तो खाली घसरतो, जणू मनात धरलेली अपेक्षा मोडल्याचा घाव त्याला बसतो. भेकांत ही घसरण दिसली नाही. ती हळूहळू नव्या परिस्थितीशी जुळली, इतकेच. क्वेबेकच्या मिशेल कॅबनाक यांचे निरीक्षण दुसऱ्या दिशेने त्याच जागी येऊन पोचते. सस्तन प्राण्याला हाताळले की भावनेच्या आवेगाने त्याच्या अंगाचे तापमान चढते, आणि कासवासारखे सरपटणारे प्राणी हाताळल्यानंतर स्वतःहून ऊबेच्या जागी सरकतात. परंतु भेकांनी असे काही केले नाही, असे त्यांनी २००४ मध्ये नोंदविले. या दोन प्रयोगांवरून उभयचरांना भावना नाहीतच असा फैसला देणे उतावीळपणाचे होईल, आणि तो मी देणार नाही. भय आणि वेदना यांची यंत्रणा त्यांच्या मेंदूत आहे, आणि सस्तन प्राण्यांच्या मेंदूचे बाह्यपटल नाही म्हणून मनच नाही, हा युक्तिवाद पक्ष्यांच्या बाबतीत यापूर्वीच फसलेला आहे. परंतु हरवलेल्याची खंत करण्यास लागणारे जे मानसिक द्रव्य, त्याचा माग उभयचरांत अद्याप लागलेला नाही, इतके मात्र निःसंकोचपणे म्हणता येते.

शोकासारख्या भासणाऱ्या काही वर्तनांची उलगड तर अगदी निराळी आहे. मेलेल्या मादीला मिठी मारून तासन् तास बसलेला भेक पाहून पाहणाऱ्याचे हृदय द्रवते. पण भेकाच्या नराची मिठी ही विणीच्या हंगामात हालचाल करणाऱ्या, वा योग्य आकाराच्या, जवळजवळ कोणत्याही वस्तूला बसते, आणि चुकीने पकडलेला नर सुटकेचा आवाज काढतो म्हणूनच काय ती सुटते. मृत देह हा आवाज काढीत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील एका भेकजातीत तर नर मेलेल्या मादीच्या पोटातून अंडी दाबून काढून ती फलितही करतात. तसेच, जखमी झालेल्या भैकेराच्या त्वचेतून पाण्यात असे द्रव्य सुटते की, ते जाणवताच भोवतालची पिल्ले हालचाल थांबवून स्तब्ध होतात. मृत्यूच्या वासाने आलेली ही स्तब्धता खरी आहे, परंतु ती मेलेल्यासाठी नसून स्वतःच्या जिवासाठी आहे.

ॲक्सोलॉटलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्याला फसविते, आणि ती म्हणजे त्याचा चेहरा. त्याच्या जबड्याची ठेवणच अशी आहे की तो सदैव मंद हसत असल्यासारखा दिसतो. आणि ज्याला आपण आनंदी मानीत आलो, तो निश्चल झाला की खिन्न झाला असे मानणे ओघानेच येते. प्रत्यक्षात मेक्सिको शहराजवळच्या झोचिमिल्कोच्या कालव्यांत राहणारा हा प्राणी एकलकोंडा आहे, आणि त्याची पिल्ले दाटीत एकमेकांचे पाय आणि कल्ले तोडतात. त्याच्या लेखी दुसरा ॲक्सोलॉटल हा विणीचा काळ सोडल्यास बहुधा प्रतिस्पर्धी असतो. उपवासाचेही तसेच. आपल्या दख्खनचा मोठा बेडूक उन्हाळ्याचे महिने जमिनीखाली काही न खाता काढतो, मग पहिल्या मोठ्या पावसानंतर बाहेर येतो. ज्यांच्या शरीराचा खर्चच इतका थोडा, त्यांनी काही दिवस अन्नाला तोंड लावले नाही म्हणजे मोठा मानसिक आघात झाला, असे होत नाही.

आता मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे त्याकडे येतो. एका टाकीतील दोन प्राण्यांपैकी एक मेला आणि दुसरा खाईनासा झाला, तर या दोन घटनांचा संबंध जोडताना पहिलीने दुसरी घडविली असे आपण धरतो. पण बहुतेक वेळा दोहोंच्या मागे एकच तिसरे कारण असते, आणि ते कारण पाण्यात असते. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सियसचे पाणी मानवते, आणि बाविसाच्या वर त्याची प्रकृती ढासळू लागते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा ३८ ते ४० अंशांवर जातो, तेव्हा थंड करण्याची सोय नसलेल्या टाकीतले पाणी तिसाच्या घरात सहज पोचते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरतो, आणि प्राण्याच्या शरीराला मात्र तो अधिक लागतो. त्याच वेळी विष्ठेतून आणि न खाल्लेल्या अन्नातून सुटणारा अमोनिया उष्ण पाण्यात अधिक जहरी होतो. हा अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतू गाळणीत वस्ती करून असतात. महापालिकेचे नळाचे पाणी क्लोरीन घालवल्याशिवाय टाकीत ओतले तर ते जंतूही मरतात आणि प्राण्याच्या उघड्या कल्ल्यांनाही इजा होते. ज्या दिवशी दुबळा प्राणी मेला, त्या दिवशी त्याचे प्रेत रात्रभर पाण्यात राहिले असेल, तर त्या कुजण्याने अमोनिया आणखी चढतो. उरलेला प्राणी कोपऱ्यात बसतो, त्याचे कल्ले पुढे वळतात, शेपटीचे टोक आकसते, अन्न नको होते. आणि घरातील माणसे त्याच्यासाठी हळहळत असतात, पण पाणी मात्र कोणी तपासत नाही. शोकाच्या कल्पनेतला खरा धोका हाच आहे, कारण शोकावर इलाज फक्त काळ असतो, आणि येथे काळच तर मारक ठरतो.

दुसरे कारण रोगाचे, आणि त्यात पुण्याच्या संशोधकांनी फार मोलाची भर घातली आहे. बेडकांच्या त्वचेवर वाढणारे कायट्रिड नावाचे कवक १९९९ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या वर्णिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक हिशेबानुसार त्याच्यामुळे ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी ९० जाती नष्ट झाल्या असाव्यात. उभयचर त्वचेतून पाणी आणि क्षार घेतात. हे कवक त्वचा बिघडविते, रक्तातील सोडियम-पोटॅशियम घसरते, आणि अखेरीस हृदय थांबते. त्यापूर्वीची लक्षणे म्हणजे सुस्ती, अन्नावरची वासना उडणे, एका जागी खिळून बसणे. शोकाची म्हणून आपण जी यादी करतो, ती हीच! नीलेश डहाणूकर, आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उत्तर पश्चिम घाटातील दुर्मिळ आणि प्रदेशनिष्ठ बेडकांवर या कवकाची लागण नोंदविली, आणि त्याचा वाण आशियातलाच असल्याचे दाखविले. पुढे २०१८ मध्ये जागतिक स्तरावरील अभ्यासाने या कवकाचे मूळ पूर्व आशियात असल्याचे आणि जिवंत उभयचरांच्या व्यापाराने ते जगभर पसरल्याचे निष्पन्न झाले. नखांचा बेडूक हे कवक अंगावर बाळगूनही बहुधा स्वतः आजारी पडत नाही, आणि आपल्या देशी बेडकांना त्याच्याकडून काय मिळू शकते, हे लक्षात घेतले की दिवाणखान्यातील टाकीचा प्रश्न सह्याद्रीपर्यंत जाऊन पोचतो.

म्हणून जोडीतला एक गेल्यावर करावयाची तजवीज अशी: प्रेत तत्काळ बाहेर काढावे, अमोनिया, नायट्राइट आणि तापमान त्याच दिवशी मोजावे, क्लोरीन काढलेल्या पाण्याने टाकीतले काही पाणी बदलावे, आणि उरलेल्याचे खाणे पाणी सुधारूनही परत येईना, अथवा त्वचा सोलून निघू लागली, तर परदेशी प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. टाकीतले पाणी बाहेरच्या नाल्यात वा मुळा-मुठेत ओतू नये, आधी ब्लीच घालून निर्जंतुक करावे. नको झालेला प्राणी खडकवासल्याच्या पाण्यात सोडून देणे तर सर्वथा वर्ज्य. ॲक्सोलॉटल आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीतला प्राणी असल्याने २०२२ च्या सुधारित वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आणि २०२४ च्या नियमांन्वये त्याची नोंद 'परिवेश' या शासकीय पोर्टलवर करणे मालकाचे कर्तव्य आहे, हेही येथे सांगून ठेवतो. देशी बेडूक पकडून पाळण्यास तर कायद्याचीच आडकाठी आहे.

घरातील मुलांना काय सांगावे, हा प्रश्न उरतो. त्यांचे दुःख खरे आहे. त्यांनी त्या प्राण्याला नाव दिले होते, रोज खाऊ घातले होते, आणि हे नाते एका बाजूचे होते म्हणून ते खोटे ठरत नाही. मुलांना 'तो रडतो आहे' असे न सांगता 'त्याला बरे नाही काय, ते आपण पाहू या' असे सांगावे, आणि पाणी तपासण्याच्या कामात त्यांचा हातभार घ्यावा. दुःखाला काही करावयास मिळाले की ते सोसवते.

उरलेल्याला करमावे म्हणून लगोलग दुसरा आणून सोडण्याची घाई मात्र करू नये. ज्या कारणाने पहिला गेला ते कारण शोधून दूर केल्याशिवाय नवा आणणे म्हणजे त्यालाही त्याच पाण्यात लोटणे, आणि नव्याच्या अंगावरून येणारा रोग जुन्याला देणे. आणावयाचाच झाला तर त्याला निदान महिनाभर वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने आणि वेगळ्या बादलीने सांभाळून मगच एकत्र करावे. एकट्या ॲक्सोलॉटलला थंड, स्वच्छ पाणी आणि लपावयास एक आडोसा मिळाला, तर तो दहा ते पंधरा वर्षे एकटाच सुखाने जगतो.